पाण्याखालील कॅमेऱ्याच्या काचेवरील चरा : दुरुस्ती की बदल?

कोणत्याही उपकरणाच्या दुरुस्तीचा विचार, दोष नेमका कोणत्या भागात आहे हे निश्चित केल्यावाचून सुरू होऊ शकत नाही. आणि भाग निश्चित करावयाचा म्हणजे त्याला नेमके नाव द्यावयाचे. पाण्याखालील छायाचित्रणात ‘लेन्सला चरा गेला’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. तथापि या वाक्यातील ‘लेन्स’ आणि ‘चरा’ हे दोन्ही शब्द इतके सैल अर्थाने वापरले जातात की, त्यांच्यावर विसंबून उपाय योजणारा मनुष्य पुष्कळदा निकोप भाग बदलतो किंवा सहज सुधारू शकणारा भाग कायमचा बिघडवून ठेवतो. प्रस्तुत लेखात या तक्रारीचा अर्थ काय, पाण्यामुळे तिचे स्वरूप कसे पालटते, आणि घोटून दुरुस्त करावे की भाग बदलावा हा निर्णय कोणत्या तत्त्वावर घ्यावा, यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये याच गावात चलच्चित्रणाचा कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट प्रेक्षकांसमोर आला. खरी कॉर्नरजवळचा कॅमेऱ्याच्या आकाराचा स्मृतिस्तंभ त्या उद्योगाची आठवण करून देतो. कॅमेऱ्याची यंत्रणा गावच्या कारखान्यात, गावच्या कारागिरांच्या हातून तयार होऊ शकते, हे त्या प्रयत्नाने सिद्ध झाले. आज करूळ किंवा फोंडा घाट उतरून मालवणच्या समुद्राकडे जाणाऱ्या कोल्हापूरकर विद्यार्थ्याजवळ जलरोधक पेटीतला कॅमेरा असतो. त्याच्या काचेवर चरा उमटला की शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या कुशल कारागिराकडे तो न्यावा, असे त्याला साहजिकच वाटते. हा विचार काही बाबतींत अगदी योग्य आहे आणि काही बाबतींत घातक आहे. तो कोठे योग्य व कोठे घातक, हे ठरविणारी रेषा शोधणे हाच या विवेचनाचा हेतू होय.

१. एक नाव, चार वस्तू

पाण्याखाली वापरावयाच्या कॅमेऱ्यात दृश्य आणि प्रकाशग्राहक पटल यांच्यामध्ये सामान्यतः एकाहून अधिक पारदर्शक वस्तू असतात. पहिली वस्तू म्हणजे खुद्द भिंग. त्यातही चऱ्याचा धोका असतो तो त्याच्या सर्वांत पुढच्या काचेला. दुसरी वस्तू म्हणजे भिंगापुढे आट्यांवर बसविलेली गाळणकाच, जिला व्यवहारात ‘फिल्टर’ म्हणतात. तिसरी म्हणजे जलरोधक पेटीची खिडकी. हिला छायाचित्रकार ‘पोर्ट’ म्हणतात. ती सपाट असते किंवा घुमटाकार असते. चौथी म्हणजे पेटीवाचून पाण्यात जाऊ शकणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांत भिंगापुढे पक्की बसविलेली संरक्षक काच. बोलीत या चारही वस्तूंना ‘लेन्स’ हे एकच नाव आहे.

या नामैक्याचे परिणाम केवळ शाब्दिक नाहीत. फिल्टर हाताने काढता येतो आणि त्यावरील चऱ्याला ‘नवा फिल्टर’ हेच उत्तर असते. पेटीची खिडकी बहुधा स्वतंत्रपणे सुटी होते. काही कृतिकॅमेऱ्यांच्या, म्हणजे ‘ॲक्शन कॅमेऱ्यां’च्या, पुढची काच वापरणाऱ्यालाच बदलता येते. परंतु पक्क्या बसविलेल्या संरक्षक काचेमागे जलरोधक जोड असतो. ती काढणे म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधकताच मोडणे होय. भिंगाची पुढची काच बदलताना तिचा मध्य इतर काचांच्या अक्षाशी पुन्हा जुळवावा लागतो. ‘लेन्सचा चरा’ या एका शब्दप्रयोगाखाली अशी सर्वथा भिन्न कामे दडलेली आहेत. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी व्याकरणाची आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत मात्र मराठी दरिद्री नाही. उलट तिची शब्दसंपत्ती निदानाला उपयोगी पडण्याजोगी आहे. पृष्ठभागावरून रेषेसारखा गेलेला तो चरा. नखाने काढावा तसा उथळ, रुंद व पसरट तो ओरखडा. जिच्यात नख अडकते ती खाच. कडेचा कण उडून गेला तर टवका. वस्तूच्या जाडीत शिरलेला भेद म्हणजे तडा. आणि अनेक सूक्ष्म तड्यांचे जे विणकाम दिसते ते जाळे. यांतील ओरखडा व चरा हे घोटून जाऊ शकतात. खाचेचा विचार करावा लागतो. तडा आणि जाळे यांवर मात्र घोटाई हा उपाय नव्हे. कारागिराजवळ तक्रार सांगताना हा एक नेमका शब्द वापरला तर अर्धे निदान तेथेच होते.

२. पाण्यात चरा का लपतो

कोरड्या हातात धरलेल्या पेटीच्या काचेवर ठसठशीत दिसणारा चरा पाण्याखाली घेतलेल्या चित्रात दिसतच नाही, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. याचे कारण वक्रीभवनांकात आहे. हवेचा वक्रीभवनांक जवळजवळ १, समुद्राच्या पाण्याचा सुमारे १.३४, ॲक्रिलिकचा सुमारे १.४९ आणि नेहमीच्या प्रकाशीय काचेचा सुमारे १.५२ असतो. चरा म्हणजे पृष्ठभागावरची पोकळी. त्या पोकळीतून जाणारा किरण शेजारच्या अखंड भागातून जाणाऱ्या किरणाहून किती वेगळा वागेल, हे पोकळीची खोली आणि दोन माध्यमांच्या वक्रीभवनांकांतील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते.

चऱ्यात हवा असेल तर ॲक्रिलिकच्या बाबतीत हे अंतर ०.४९ येते, त्याच चऱ्यात समुद्राचे पाणी भरले की ते ०.१५ वर उतरते. काचेच्या बाबतीत हेच आकडे ०.५२ आणि ०.१८ असे आहेत. म्हणजे खोली तीच असूनही चऱ्याचा प्रकाशीय परिणाम पाण्यात सुमारे एकतृतीयांश उरतो. परावर्तनात तर याहून मोठी घट होते. हवेतून ॲक्रिलिकवर लंबरेषेत पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ३.९ टक्के परावर्तित होतो. पाण्यातून पडणाऱ्या प्रकाशापैकी केवळ ०.३ टक्क्याच्या आसपास. चऱ्याच्या कडा हवेत चमकतात आणि पाण्यात निस्तेज होतात, त्याचे हे कारण होय.

या साध्या गणितातून चार व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, बाहेरच्या पृष्ठभागावरील उथळ चरा हा बहुतेक वेळा दुरुस्तीचा विषयच नाही. दुसरा असा की, आतल्या पृष्ठभागावरील चऱ्याला ही सवलत मिळत नाही; पेटीत हवाच असल्याने तो पाण्याखालीही संपूर्ण तीव्रतेने टिकून राहतो. म्हणून आतून काच पुसताना झालेला बारीक ओरखडा बाहेरून खडकाला घासून झालेल्या मोठ्या चऱ्याहून अधिक हानिकारक ठरू शकतो. तिसरा असा की, अर्धे दृश्य पाण्यावर व अर्धे पाण्याखाली असे चित्र घेताना घुमटाच्या वरच्या अर्ध्या भागाबाहेर हवा असते. तेथे बाहेरचा चराही उघडा पडतो. चौथा निष्कर्ष परीक्षेचा आहे. स्वच्छ, कोरड्या काचेवरील चऱ्यावर गोड्या पाण्याचा एक थेंब सोडावा. रेषा विरली तर चरा बाहेरचा व उथळ. ती तशीच राहिली तर तो आतला आहे किंवा बराच खोल आहे. कोणत्याही यंत्रावाचून होणारी ही परीक्षा निदानासाठी बहुधा पुरेशी ठरते.

३. सपाट खिडकी आणि घुमट

खिडकीच्या आकाराचाही येथे संबंध येतो. सपाट खिडकीतून पाहिलेली वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीनचतुर्थांश अंतरावर भासते आणि दृष्टिक्षेत्र आकुंचित होते. ही अडचण दूर करण्यासाठी रुंद कोनाच्या भिंगापुढे घुमट बसवितात. परंतु घुमट पाण्यात बुडाला की तो स्वतःच एका भिंगासारखा वागतो. अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा घुमटाच्या पृष्ठभागापुढे त्याच्या त्रिज्येच्या सुमारे तिपटीइतक्या अंतरावर भासमान होते. घुमटाची त्रिज्या १० सेंटिमीटर धरली तर समोरचा सारा समुद्र जणू ३० सेंटिमीटरवर येऊन उभा राहतो, आणि कॅमेऱ्याला तेवढ्या जवळ नजर स्थिर करावी लागते.

याचा अर्थ असा की, घुमटावरील चरा कॅमेऱ्याच्या स्पष्टतेच्या कक्षेला सपाट खिडकीवरील चऱ्यापेक्षा अधिक जवळ असतो. त्यातच भिंगाचे छिद्र लहान केले की ही कक्षा आणखी अलीकडे सरकते. शिवाय छिद्र लहान असताना चरा त्याचा मोठा अंश झाकतो. २४ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र एफ ८ ला सुमारे ३ मिलिमीटर व्यासाचे असते; ०.१ मिलिमीटर रुंदीचा चरा त्यासमोर आला तर तो सुमारे ४ टक्के प्रकाश अडवितो किंवा विचलित करतो. एफ २.८ ला छिद्राचा व्यास ८ मिलिमीटरांहून अधिक होतो आणि हाच अंश दीड टक्क्यावर येतो. तात्पर्य, दुरुस्ती होईतो छिद्र मोठे ठेवणे, सूर्य किंवा प्रखर दिवा चौकटीबाहेर ठेवणे आणि काचेवर तिरपा प्रकाश पडू न देणे, एवढ्याने पुष्कळ काम निभावते.

४. चरा पडतो कसा

मोहस यांच्या कठीणतेच्या मापनक्रमात वाळूतील क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. सामान्य काच सुमारे ५.५ वर येते आणि ॲक्रिलिक ३ च्या आसपास. कोकणच्या किनाऱ्यावरील वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. म्हणजे किनाऱ्यावर ओल्या वाळूत ठेवलेली पेटी उचलून पंचाने पुसणे, ही कृती ॲक्रिलिकच्या दृष्टीने कानशीने घासण्यासारखीच आहे. बहुसंख्य चरे खडकामुळे नव्हे, तर अशा पुसण्याने पडतात. समुद्राचे पाणी वाळल्यावर मागे राहणारे मिठाचे स्फटिकही घासल्यास ओरखडा काढतात आणि न घासल्यास चऱ्याचा आभास निर्माण करतात. याकरिता निदानापूर्वी काच गोड्या पाण्यात काही तास भिजवून ठेवावी. भिजविल्यावर नाहीसा होणारा ‘चरा’ हा चरा नव्हेच. तो क्षार होय. आतल्या बाजूस जमणारे दव आणि बोटाला लागून काचेवर गेलेला सिलिकॉन लेप हेही असेच फसवे दोष आहेत.

५. ॲक्रिलिकची घोटाई

दुरुस्तीला सर्वांत अनुकूल वस्तू म्हणजे लेपन नसलेले ॲक्रिलिक. त्याच्या मऊपणामुळे त्यावर चरा लवकर पडतो, आणि त्याच मऊपणामुळे तो घोटून काढताही येतो. घोटाईचे तत्त्व हुपरीच्या चांदीकामात किंवा कोणत्याही झिलईकामात असते तेच आहे. मोठा चरा त्याहून बारीक अशा असंख्य चऱ्यांनी घालवावयाचा, ते चरे आणखी बारीक चऱ्यांनी, आणि अखेरीस उरलेले चरे प्रकाशाला जाणवू नयेत इतके सूक्ष्म करावयाचे. चरा ‘भरून’ येत नाही. त्याच्या तळापर्यंतचा सभोवतालचा पृष्ठभाग खाली आणला जातो. घोटाई म्हणजे भर घालणे नसून क्षय करणे आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे तिची मर्यादाही आपोआप स्पष्ट होते.

कृती अशी आहे. खिडकी पेटीपासून सोडवावी. रबरी वलय, म्हणजे ‘ओ-रिंग’, काढून बाजूस ठेवावे. वलयाची खोबण आणि ती ज्या कडेवर बसते ती कड चिकटपट्टीने झाकावी, कारण तेथे पडलेला एक आडवा चरा काचेवरील दहा चऱ्यांहून भयंकर असतो. काच कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवावी. नंतर या कामासाठी मिळणारी कापडी घर्षणपत्रे पाण्यात भिजवून क्रमाने वापरावीत. त्यांच्या एका प्रचलित मालिकेत १५०० पासून १२००० पर्यंत क्रमांक असतात. येथेही नावाचा घोटाळा संभवतो : लोखंडी सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या पॉलिश पेपरचा १५०० आणि या मालिकेतील १५०० एक नव्हेत; दुकानी कागदाचा तो क्रमांक अधिक बारीक असतो. दोन मालिका एकत्र मिसळू नयेत.

चरा नखाला लागत नसेल तर मालिकेच्या मध्यापासून आरंभ करावा. उगाच सर्वांत जाड पत्राने सुरुवात करून नवे खोल चरे पाडण्यात अर्थ नाही. सपाट काचेवर एका पत्राने एकाच दिशेने घोटावे आणि पुढच्या पत्राने त्याच्याशी काटकोनात. आधीच्या दिशेच्या रेषा पूर्णपणे नाहीशा झाल्या, हे पाहूनच पुढे जावे. दर बदलाच्या वेळी काच, हात आणि पाणी तिन्ही स्वच्छ करावीत. जाड पत्राचा एक कण बारीक पत्राखाली राहिला तर साऱ्या श्रमांवर पाणी पडते. शेवटी ॲक्रिलिकसाठी असलेल्या द्रव पॉलिशने मऊ कापडाने झिलई द्यावी. ही घाईची कृती नाही. मोठ्या घुमटाला काही तास लागणे स्वाभाविक आहे.

येथे सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे चऱ्याच्या जागीच घोटणे. त्याने चरा जातो आणि त्याच्या जागी उथळ खळगा तयार होतो. तो खळगा एका दुर्बल भिंगाचे काम करू लागतो. म्हणून संपूर्ण पृष्ठभाग सारखा घोटला पाहिजे. बाहेरच्या पृष्ठभागावर राहिलेली थोडी असमता पाणी झाकून टाकते; ज्या नियमाने चरा लपतो त्याच नियमाने घोटणाऱ्याच्या हातचा दोषही लपतो. आतल्या पृष्ठभागावर तीच असमता तिपटीने प्रकट होते. यावरून कारागिराकडे काय सोपवावे याचे उत्तर मिळते. ॲक्रिलिक घुमटाची बाहेरची बाजू कोणत्याही सावध हाताला सोपविण्यास हरकत नाही. आतली बाजू मात्र ज्याने हे काम पूर्वी केले आहे अशाच हाताला सोपवावी.

स्पिरिट, ॲसिटोन, पातळक किंवा अमोनियायुक्त काचधावन यांपैकी काहीही ॲक्रिलिकला लावू नये. त्यांनी पृष्ठभागात सूक्ष्म तड्यांचे जाळे उठते आणि त्यावर इलाज नाही. पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांवर बहुधा कठीण लेपन असते. ते घोटाईत खरवडून जाते व खालचा मऊ थर उघडा पडतो. अशी खिडकी बदलणेच श्रेयस्कर.

६. काच आणि तिच्यावरील लेपन

काचेच्या खिडकीची किंवा खुद्द भिंगाची गोष्ट निराळी आहे. परावर्तन कमी करण्यासाठी काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचे लेपन केलेले असते. एकेरी लेपनाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाशी जुळविलेली असते. हिरव्या प्रकाशासाठी ती सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग, येते. घरगुती उपाय म्हणून सुचविल्या जाणाऱ्या दंतमंजनातील घर्षककण याच्या कित्येक पटींनी मोठे असतात. दंतमंजनाने चरा जाण्यापूर्वी लेपन जाते; आणि एका चऱ्याच्या जागी एक संपूर्ण मळकट डाग मिळतो. काच घोटण्यासाठी सिरियम ऑक्साइड वापरतात हे खरे. परंतु चांगल्या भिंगाच्या पृष्ठभागाचा आकार तरंगलांबीच्या अंशाइतक्या अचूकतेने राखलेला असतो. हाताने फिरविलेले चाक ती अचूकता सांभाळू शकत नाही. बाबूराव पेंटर यांच्या काळी असो वा आज, कारखान्यातील लेथ ज्या मापात काम करते ते माप आणि भिंगाच्या पृष्ठभागाचे माप यांत हे अंतर आहे. वर उल्लेखिलेली योग्यायोग्यतेची रेषा नेमकी येथून जाते.

म्हणून काचेच्या बाबतीत दोनच मार्ग उरतात : चरा सहन करणे अथवा भाग बदलणे. सहन करण्याचा एक जुना उपाय छायाचित्रकारांना माहीत आहे. भिंगाच्या पुढच्या काचेवरील खोल चऱ्यात किंवा टवक्यात बारीक कुंचल्याने काळी शाई भरली असता त्यातून विखुरणारा प्रकाश थांबतो. किंचित प्रकाश कमी होतो, परंतु चित्रावर येणारी चमक जाते. हा उपाय कोरड्या राहणाऱ्या काचेपुरताच योग्य आहे.

७. बदल केव्हा अपरिहार्य

बदलाचा निर्णय चित्राच्या स्वच्छतेपुरता मर्यादित नाही. तो सुरक्षिततेचाही आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या सपाट खिडकीवर १० मीटर खोलीला पडणारा भार जवळजवळ ८० किलोग्रॅम होतो. ३० मीटरला त्याच्या तिप्पट. खिडकीतील खोल खाच ही अशा भाराखाली ताण एकवटण्याची जागा असते. जी खाच घोटून काढण्यासाठी जाडीचा लक्षणीय भाग घालवावा लागेल, ती घोटू नये. तडा, जाळे, कडेवरील टवका आणि रबरी वलयाच्या बैठकीवरील आडवा चरा, या चारही प्रसंगी दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. फ्लॅशच्या प्रकाशात दिसणारा चरा हा चित्राचा शत्रू आहे. बैठकीवरचा चरा हा सबंध कॅमेऱ्याचा.

पाण्याखालील छायाचित्रणाच्या इतिहासाचा आरंभच या प्रश्नाने झाला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. विल्यम टॉमसन याने १८५६ मध्ये इंग्लंडच्या वेमथ उपसागरात नावेतून पेटीबंद कॅमेरा तळाशी सोडला. पेटीत पाणी शिरले, तरी काचपट्टीवरील प्रतिमा वाचली. १८९३ मध्ये फ्रान्समधील बान्युल्स येथे लुई बूताँ याने स्वतः पाणबुड्याच्या वेषात उतरून छायाचित्रे घेतली. पुढे झां द वूतेर याने रचलेल्या ‘कॅलिप्सो’ कॅमेऱ्यावरून १९६३ मध्ये ‘निकोनॉस’ निघाला, त्यात तर पेटी आणि कॅमेरा हा भेदच नव्हता. भिंगच पाण्याला भिडत होते. टॉमसनच्या काचपट्टीने जे सहन केले ते आजचे विद्युत्-पटल सहन करू शकत नाही. खाऱ्या पाण्याचा थोडासा शिरकावही त्याला पुरतो.

खिडकी घोटून अथवा बदलून परत बसविल्यावर परीक्षा केल्याखेरीज कॅमेरा आत ठेवू नये. वलय धुऊन, केस अथवा वाळूचा कण नाही याची खात्री करून, त्यास सिलिकॉन लेपाचा केवळ पातळ हात द्यावा. वलय जलरोधक असते ते दाबले गेल्यामुळे, लेपामुळे नव्हे. लेपाचा थर जाड असला तर त्यात वाळूच धरते. रिकाम्या पेटीत कोरडा टीपकागद व तरंगू नये म्हणून वजन घालून ती प्रथम बादलीत, मग दोरीने खोल विहिरीत अर्धा तास ठेवावी. बादलीत यशस्वी झालेली पेटी विहिरीत फसू शकते आणि क्वचित याच्या उलटही घडते, कारण थोडा दाब वलयाला बैठकीवर नीट बसवितो. दोन्ही ठिकाणी कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत जावा.

८. चरा आणि पुरावा

अभ्यासकाच्या दृष्टीने या विषयाचे गांभीर्य आणखी एका ठिकाणी आहे. मालवणच्या समुद्रातील क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांच्या सभोवती पाण्याखाली शोध घेतला आहे. अशा कामात छायाचित्र ही आठवण नसते, तो पुरावा असतो. तळावरील ठरावीक चौकटीची चित्रे घेऊन प्रवाळाचे प्रमाण मोजणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रत्येक चित्रात एकाच जागी फिकट पट्टा येत असेल, तर तो पट्टा प्रवाळाच्या विरंजनाचा आहे की काचेवरील ओरखड्याचा, हा प्रश्न निकालावर परिणाम करणारा आहे. दगडी बांधकामाच्या चित्रात सांध्यासारखी दिसणारी रेषा दगडात आहे की ॲक्रिलिकमध्ये, यावर एखादे अनुमान उभे राहू शकते किंवा कोसळू शकते.

यावर उपाय दुरुस्तीपेक्षाही नोंदीचा आहे. प्रत्येक बुडीच्या आरंभी व अखेरीस पाण्यातच एका कोऱ्या पांढऱ्या फळीचे चित्र घ्यावे. दृश्याबरोबर जे सरकते ते समुद्राचे, आणि दृश्य बदलले तरी चौकटीत जागचे हलत नाही ते काचेचे, हा विवेक त्या चित्रावरून करता येतो. संगणकावर चरा पुसून टाकण्याचा मोह होतो. तो केवळ प्रतीवर करावा, मूळ चित्राला हात लावू नये, आणि पुसल्याची नोंद ठेवावी. चित्रांवरून मापे काढावयाची असतील तर खिडकी घोटल्यानंतर अथवा बदलल्यानंतर कॅमेऱ्याचे मापांकन पुन्हा पाण्यातच करावे. खिडकीची जाडी, वक्रता किंवा भिंगापासूनचे अंतर यांत पडलेला फरक मापांत उतरतो. दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची चित्रे एकाच मापांकनाने वाचणे ही चूक पुढे शोधून काढणे फार कठीण जाते.

चऱ्याची झळ केवळ अभ्यासकालाच लागते असे नाही. तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बुडी मारावयास नेऊन त्यांची चित्रे काढून देणाऱ्या तरुणांचे उत्पन्न पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत मिळते. हंगामाच्या मध्यावर चुकीच्या उपायाने मळकटलेली काच म्हणजे त्यांच्या दृष्टीने बुडालेले दिवस होत. त्यांच्या कृतिकॅमेऱ्याची बदलता येणारी पुढची काच जवळ जादा बाळगणे, हे त्यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त शहाणपण आहे. आणि पेटीच्या घोटाईला पावसाळ्याचे रिकामे महिने योग्य आहेत.

९. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा मांडता येईल. प्रथम वस्तूचे नाव निश्चित करावे : भिंग, फिल्टर, खिडकी की संरक्षक काच. मग दोषाचे नाव निश्चित करावे : क्षार, ओरखडा, चरा, खाच, टवका, तडा की जाळे. मग पाण्याच्या थेंबाने बाजू ठरवावी. बाहेरचा, उथळ आणि चित्रात न दिसणारा चरा तसाच ठेवावा. लेपन नसलेल्या ॲक्रिलिकवरचा, चित्रात दिसणारा चरा घोटावा. फिल्टर आणि सुटी काच बदलावी. काचेचे भिंग व लेपन असलेला पृष्ठभाग यांवर घोटाईचा प्रयोग करू नये. तडा, जाळे आणि वलयाच्या बैठकीवरील इजा यांबाबत विचार करीत बसू नये. तो भाग त्याच दिवशी बाद करावा.

यांतील प्रत्येक निर्णय ‘लेन्सला चरा गेला’ या वाक्यातील दोन शब्दांना अचूक अर्थ दिल्यावरच घेता येतो. पाण्याचा एक थेंब आणि दोन नेमके शब्द यांना काही किंमत पडत नाही. पण त्यांवाचून केलेल्या दुरुस्तीची किंमत मात्र कित्येकदा सबंध कॅमेऱ्याइतकी, आणि क्वचित सबंध हंगामाच्या पुराव्याइतकी, मोजावी लागते.